‘वुड’ लिहिलंत, म्हणजे करणार की नाही?

पत्र : मी लालबागला राहते. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. सध्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम ब्रोकरकडे डॉक्युमेंटेशनला आहे. परवा दुबईच्या शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, मेल टाकला, ‘इफ द ओरिजिनल बीएल वुड रीच अस बाय फ्रायडे, वी वुड क्लिअर द कंटेनर ऑन मंडे.’ (बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल ताब्यात घ्यायला लागणारा मूळ कागद.) त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘विल यू, ऑर वुड यू?’ साहेबांनी तो मेल सगळ्या स्टाफसमोर मोठ्यानं वाचला. मला वाटत होतं, वुड म्हणजे विलचंच अदबीचं रूप. शाळेत तर वुड हा विलचा भूतकाळ म्हणून पाठ केला होता. मग पुढच्या सोमवारच्या गोष्टीला तो कसा काय चालतो? आणि शुड, कुड, मे, माइट यांतलं कुठलं कधी घालायचं? धाकटा दीर इंग्रजी माध्यमातला. तो म्हणतो, ‘कानाला बरं वाटेल ते घाल, वहिनी.’ माझ्या कानाला सगळीच बरी वाटतात. दादरला एक क्लास आहे, फी बरीच सांगतात. लावू का?

उत्तर :

दिराचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं आहे. त्याच्या कानावर ही वाक्यं लहानपणापासून पडलीत. तुमचा कान मराठीवर तयार झालाय आणि मराठीच्या हिशेबानं तो तुम्हाला बरोबरच सांगत होता. साहेबांनी स्टाफसमोर मेल वाचला ते मात्र काही बरं केलं नाही. त्यांचे स्वतःचे मेल कुणी असे वाचले तर काय काय निघेल, देव जाणे.

आधी तो दुबईचा माणूस. त्यानं तुमची चूक काढली असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, त्याला खरोखरच कळलं नाही. त्याला तुमचं वाक्य साधारण असं ऐकू गेलं : बीएल शुक्रवारपर्यंत आलं असतं, तर आम्ही सोमवारी कंटेनर सोडवला असता. म्हणजे बीएल काही येत नाही असं तुम्ही गृहीत धरलंय, किंवा तुमच्या ऑफिसच्या मनातच हे काम करायचं नाही. इकडे त्याचं बीएल कुरिअरमध्ये, कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे बिनआकाराचे दिवस, संपत आलेले, नंतर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, रोजच्या रोज चढणार. त्याला हो की नाही एवढंच हवं होतं. तुम्हाला लिहायचं होतं ते असं : ‘इफ द ओरिजिनल बीएल रीचेस अस बाय फ्रायडे, वी विल क्लिअर द कंटेनर ऑन मंडे.’ जरच्या बाजूला साधा वर्तमानकाळ. मोडल, म्हणजे विल-वुड-कॅन-मे ही मंडळी, फक्त तरच्या बाजूला.

आता हे ‘वुड-वुड’ आपल्या हातून येतं कसं ते बघा. शाळेत मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकलात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थाचं उदाहरण बहुतेकांना आठवतं ते असं : पाऊस पडला असता, तर पीक चांगलं आलं असतं. इकडे ‘पडला असता’, तिकडे ‘आलं असतं’. मराठी जरला आणि तरला एकच कापड फाडून देते. ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड’ होतं. इंग्रजीला दोन्हीकडे वुड नको असतो : ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड.’ अमेरिकेत बोलताना ‘इफ आय वुड हॅव नोन’ पुष्कळदा ऐकू येतं, पण लिहिताना तिथेही ते खटकतं. ऑफिसच्या मेलमध्ये तर नकोच.

याच रूपाची आणखी एक खोच आहे आणि ती जास्त त्रास देते. ‘माझ्याकडे पैसे असते, तर परळला घर घेतलं असतं.’ हे तुम्ही कधीचं बोलताय? आजचं की मागचं? मराठीला फिकीर नाही. ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ जोडलं की काम झालं, क्रियापद तेच. इंग्रजी मात्र क्रियापदातच काळ मागते. आज पैसे नाहीत म्हणून आज घेत नाही, तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ फ्लॅट इन परेल’. गिरण्यांच्या जागी टॉवर उठायला लागले होते तेव्हा नव्हते म्हणून तेव्हा घेतलं नाही, तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ फ्लॅट’. ‘हॅड हॅड’ बघून टायपिंगची चूक समजून एक खोडू नका, दोन्ही लागतात. आणि तेव्हा घेतलं असतं तर आज मजेत असते असं म्हणायचं असेल, तर जर मागचा आणि तर आजचा : ‘इफ आय हॅड बॉट अ फ्लॅट देन, आय वुड बी रिच टुडे.’ परळ-लालबागच्या निम्म्या घरांत हे वाक्य मराठीतून रोज म्हटलं जातं.

वुड हा विलचा भूतकाळ, हे बाईंनी शिकवलं ते खोटं नाही. ‘ही सेड ही वुड कम’ यात तो सरळसरळ भूतकाळच आहे. फक्त इंग्रजीत भूतकाळाचं रूप गोष्ट लांब सरकवायला वापरतात. कधी ती काळानं लांब जाते, कधी खरेपणापासून, तर कधी समोरच्या माणसापासून, आदरानं. मराठीत हे अगदीच नाही असं समजू नका. साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून तुम्ही काय म्हणता? ‘सर, एक विचारायचं होतं.’ विचारायचं आत्ता आहे. ‘विचारायचं आहे’ म्हटलं की मागणी केल्यासारखं वाटतं, म्हणून ‘होतं’. ‘वुड यू साइन हिअर’, ‘कुड यू सेंड द इन्व्हॉइस’ यांतले वुड-कुड याच जातीचे.

तेव्हा वुडमध्ये अदब असते हा तुमचा समज बरोबर आहे, फक्त तुम्ही तो भलत्या ठिकाणी वापरलात. विनंती करताना लांब सरकलं की नम्रता दिसते. शब्द देताना लांब सरकलं की अंग काढून घेतल्यासारखं दिसतं. ‘वुड यू सेंड’ छान. ‘वी वुड क्लिअर’ म्हटलं की समोरचा विचारणारच, कशावर अडलंय?

ही खोड तुमच्या एकटीची नाही. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा. ‘वॉटर सप्लाय वुड बी क्लोज्ड ऑन ट्यूजडे.’ टाकी धुवायची माणसं ठरलीत, पाणी येणार नाही हे पक्कं आहे, बादल्या भरून ठेवायच्यात, तरी वुड. विलच्या जागी वुड आणि कॅनच्या जागी कुड ही आपल्याकडच्या इंग्रजीची जुनी सवय आहे, भाषेचे अभ्यासक तिची वेगळी नोंदही करतात. आपापसात कुणाचं काही अडत नाही. पैसे आणि तारखा बाहेरच्या माणसाशी ठरवायच्या असल्या की अडतं.

आता तरच्या बाजूला काय घालायचं ते. इथे व्याकरण जवळजवळ संपतं आणि तुम्हाला किती खात्री आहे हा प्रश्न उरतो. तुमचाच कंटेनर घेऊ. ‘वी विल क्लिअर इट ऑन मंडे’ म्हणजे शब्द दिला. पण आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची परवानगी, देणार कस्टम्स, तुमचं ऑफिस नव्हे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सकडे भरायचा कागद, चोख, ड्यूटी भरलेली, तरी मालाचं एक्झामिनेशन पडलं तर सोमवारचा मंगळवार-बुधवार होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अशा वेळी कामाचं रूप म्हणजे ‘वी शुड बी एबल टू क्लिअर इट ऑन मंडे’. सगळं नेहमीसारखं चाललं तर व्हायला हवं, असा त्याचा अर्थ. शुड म्हटलं की आपल्याला ‘मोठ्यांचा मान राखावा’ एवढंच आठवतं. पण आपल्या विध्यर्थाचीही अशी दोन कामं आहेत. ‘मुलांनी अभ्यास करावा’ यात कर्तव्य आहे. ‘एवढ्यात गाडी यावी’ यात गाडीला कुणी उपदेश करत नाही, तो अंदाज आहे. तुमच्या मेलमधला शुड या दुसऱ्या जातीचा. माझ्या मते ब्रोकरच्या ऑफिसात सगळ्यात उपयोगी मोडल हाच आणि सगळ्यात कमी वापरला जातो तोही हाच.

मे आणि माइट त्याच्या खाली. ‘इफ द बीएल कम्स लेट, द शिपमेंट मे गेट डिलेड.’ होऊ शकतं, न होऊही शकतं. माइट किंचित आणखी फिका, पण बोलताना दोन्हींत फारसा फरक कुणी करत नाही. तुम्हीही फार कीस काढू नका. एकच बघा : मे परवानगीचंही काम करतो. ‘इफ द चार्जेस आर पेड, यू मे कलेक्ट द डिलिव्हरी ऑर्डर’ म्हणजे पैसे भरलेत, आता शिपिंग लाइनची माल सोडायची चिठ्ठी घेऊन जा. जिथे शक्यता की परवानगी असा घोळ होईल तिथे माइट लिहिला की शक्यताच राहते.

कॅनमध्ये ताकद आहे, वायदा नाही. ‘वी कॅन क्लिअर इट ऑन मंडे’ म्हणजे आम्हाला जमतं. करणार आहोत की नाही ते अजून सांगितलेलं नाही. पुष्कळ लोक याला होकार समजतात आणि सोमवारी फोन करतात. कुड आणखी निसरडा. ‘द कंटेनर कुड गेट स्टक’ इथे तो माइटचा भाऊ. ‘इफ वी हॅड वन मोअर पर्सन, वी कुड फिनिश टुडे’ इथे तो करता आलं असतं अशी ऐपत सांगतो. दोन्ही बरोबर. वाक्य वाचून कुठला कुड ते कळत नसेल, तर कुड काढून माइट किंवा ‘वुड बी एबल टू’ यांतलं एक घाला, गोंधळ मिटतो.

शिपिंग लाइनच्या नोटिसा या नजरेनं वाचायला घ्या. कंटेनर फ्री पीरिअडमध्ये परत आला नाही तर ‘डिटेन्शन विल अप्लाय’ असं लिहिलं असेल, तर मीटर सुरू झाला. ‘डिटेन्शन मे अप्लाय’ असं असेल, तर त्यांनी हक्क राखून ठेवलाय आणि तुमच्या साहेबांना फोन करून घासाघीस करायला थोडी जागा आहे. करारात ‘शॅल’ आला की तो साधारणपणे बंधनाचा. त्यावर शंका आली तर वकिलाला विचारा, मला नको.

घडून गेलेल्या गोष्टीसाठी एक दिवस घेऊ. तुमच्या ऑफिसातल्या जुन्या माणसांना तो पाठ असेल. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला शंभरही नाही. त्यामुळे बॅलार्ड इस्टेटच्या खिडकीतून बघणाऱ्याला काहीच वावगं दिसलं नसणार. समजा, एकजण कुर्ल्याला राहणारा. रोजच्यासारखा संध्याकाळपर्यंत थांबला, मग लोकल बंद, आणि रात्र ऑफिसातल्या टेबलावर काढली. तो आज काय म्हणेल?

‘इफ आय हॅड लेफ्ट ॲट नून, आय वुड हॅव रीच्ड होम.’ बाराला निघालो असतो तर पोचलोच असतो, त्याला शंका नाही. ‘आय कुड हॅव रीच्ड होम.’ पोचता आलं असतं. तेव्हा गाड्या चालू होत्या, वाट मोकळी होती. पोचलोच असतो असं तो म्हणत नाही, वाटेत मशीद बंदरला कुणाकडे तरी चहाला थांबला असता तर बसला असता तिथेच. ‘आय माइट हॅव रीच्ड होम.’ पोचलो असतो कदाचित, किंवा सायनला पाण्यात अडकलोही असतो. मराठीत ‘पोचलो असतो’ हा एकच खांब, त्याला कधी ‘-च’, कधी ‘-ता आलं असतं’, कधी ‘कदाचित’ टेकवतो. इंग्रजी त्याच कामाला वुड, कुड, माइट अशी तीन वेगळी माणसं लावते. ‘हॅव’ तिघांच्याही मागे येतो, आणि जरच्या बाजूला तिन्ही वेळा ‘हॅड लेफ्ट’च.

आता त्याच रात्री त्याच्या घरी काय चाललं असेल बघा. फोन लागत नाही. बायको म्हणते, ‘ऑफिसातच थांबले असतील.’ हे इंग्रजीत ‘ही मे हॅव स्टेड ॲट द ऑफिस’. अजून कळलेलं नाही, दोन्ही शक्यता उघड्या आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चिखलानं भरलेले बूट हातात घेऊन दारात उभा राहतो आणि शेजारी म्हणतात, ‘रात्रीच निघाला असता तर वाहून गेला असता एखाद्या वेळेस.’ हे ‘ही माइट हॅव बीन स्वेप्ट अवे’. इथे ‘मे हॅव’ लिहिलं तर माणूस समोर बसून चहा पितोय आणि तुम्ही तो वाहून गेला असेल का याची काळजी करताय. वर्तमानपत्रांतही ही गल्लत दिसते, पण तुम्हाला करायचं कारण नाही, कारण इथे मराठी तुमच्या बाजूनं आहे. मनात ‘असेल’ आला तर ‘मे हॅव’, ‘असता’ आला तर ‘माइट हॅव’. एवढं सरळ जमणारं दुसरं उदाहरण मला या सगळ्या प्रकरणात सापडत नाही.

जरच्या बाजूला वुड घालू नका असं मी वर ठासून सांगितलं, आणि उद्या दुबईहूनच मेल येईल, ‘वी वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड अस द स्कॅन्ड कॉपी.’ तो माणूस चुकलेला नाही. विलचा जुना अर्थच मुळी इच्छा करणं असा आहे आणि विनंतीत तो अजून जिवंत आहे : पाठवायची कृपा कराल तर. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ हेही तसंच. ही सवलत फक्त माणसाच्या मर्जीला. पावसाला, बीएलला, कंटेनरला मर्जी नसते, म्हणून ‘इफ इट विल रेन’ चालत नाही. ‘तुम्ही येणार असाल तर’ याचं भाषांतर करताना हात हमखास विलकडे जातो, तिथे ‘इफ यू आर कमिंग’ लिहा.

‘शुड यू नीड एनीथिंग फर्दर’ किंवा ‘हॅड वी नोन’ अशी इफ गिळलेली वाक्यं मेलच्या शेवटी दिसतील. ती फक्त औपचारिक, अर्थ इफचाच. आणि ‘अनलेस’च्या मागे ‘डोन्ट’ नको. ‘तुम्ही पाठवत नाही तोपर्यंत’ या आपल्या बोलण्यातून तो ‘नाही’ चोरपावलानं येतो. अनलेसच्या पोटात तो आधीच आहे.

क्लासचं म्हणाल तर याच्यासाठी तरी लावू नका. फळ्यावर जर-तरच्या वाक्यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार रकाने आखतील, वहीत उतरवून घेतील, परीक्षेत तुम्ही पास व्हाल, आणि सोमवारी पुन्हा ‘वी वुड क्लिअर’ लिहाल. कारण तुमचं अडलंय ते रकान्यांत नाही. त्या पैशांत दुसरं काही करा. आउटलूकच्या सेंट फोल्डरमध्ये जाऊन ‘वुड’ शोधा. जिथे सापडेल तिथे बघा, तुम्ही काही मागताय, घडून गेलेलं किंवा नसलेलं काही कल्पून बोलताय, कुणाचं बोलणं सांगताय, की शब्द देताय. शब्द देत असाल तर तो विल किंवा शुड करून वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचा. दिराला बसवा समोर, कानाचा एवढा अभिमान आहे तर उपयोगही होऊ दे. जरचा वुड तर डोळे मिटून काढा, विनंती असेल तेवढी सोडून.

दुबईला अजून उत्तर गेलं नसेल तर आजच पाठवा. माफी वगैरे नको, एक ओळ पुरे : ‘इफ द ओरिजिनल बीएल रीचेस अस बाय फ्रायडे, वी विल टेक द डिलिव्हरी ऑर्डर द सेम डे अँड शुड बी एबल टू क्लिअर द कंटेनर ऑन मंडे.’ तुमच्या हातात आहे त्याला विल, कस्टम्सच्या हातात आहे त्याला शुड. मात्र डिलिव्हरी ऑर्डर त्याच दिवशी मिळते का हे लाइनच्या काउंटरला आधी विचारा. आणि पाठवण्यापूर्वी साहेबांना दाखवा, लायसन्स त्यांचं आहे.